‘त्यांना सोडा, मग येतो’ : १९२७ ची एक अट आणि बाबासाहेबांचे उत्तर



डिसेंबर उजाडला की आमच्या वस्तीत २५ तारखेची तयारी सुरू होते. मनुस्मृती दहन दिन. बॅनर छापायला जातो, पावतीपुस्तके निघतात, वक्ता कोण यावर रात्री उशिरापर्यंत वाद चालतो. विहारातल्या अभ्यासवर्गात मी दरवर्षी मुलांना एक प्रश्न विचारते : मनुस्मृती जाळण्याचा ठराव त्या दिवशी महाडच्या परिषदेत कोणी मांडला? मुले एका सुरात सांगतात, "बाबासाहेबांनी." मग मी नाव सांगते. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे. बापू सहस्रबुद्धे. जन्माने ब्राह्मण. अनुमोदन दिले पुण्याच्या पां. ना. राजभोज यांनी, जन्माने चर्मकार. वर्गात क्षणभर शांतता होते. मग मागून कोणीतरी विचारतेच, "बामन? आपल्यात?"

यंदा हा प्रश्न वर्गापुरता राहिला नाही. तो आमच्या समितीच्या बैठकीत आला, आणि माझ्या एका मैत्रिणीचे नाव घेऊन आला.

ही मैत्रीण जन्माने मराठा. सात वर्षे ती आमच्या अभ्यासिकेत दहावीच्या मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवते. फी नाही, मानधन नाही, येण्याजाण्याचा खर्चही तिचाच. गेल्या काही वर्षांत आरक्षणावरून गावोगाव जे वातावरण तापले, त्यात तिचा भाऊ एका मोर्चाच्या मंचावर दिसला. बैठकीत मुद्दा निघाला : आपल्या मंचावर ती नको. आडनाव वाचून लोक काय म्हणतील? एकजण म्हणाला, "ताई, माणूस चांगला असेल, पण शेवटी रक्त कोणाचे?" मी गप्प बसले. होय, मी. समाजशास्त्रात एम. ए. केलेली, जातिव्यवस्थेवर तासभर बोलू शकणारी मी त्या रात्री वहीत रेघोट्या ओढत बसले. कारण हा विषय काढणारी पोरे माझीच होती. त्यातल्या एकाच्या गावात निळा झेंडा लावण्यावरून मारहाण झाली होती, त्याच्या भावाच्या कपाळावर अजून टाके दिसतात. त्याला मी काय सांगणार होते?

घरी आल्यावर मात्र झोप लागली नाही. १९२७ साल डोळ्यांपुढे येत राहिले. आपल्या चळवळीत "त्यांना बाहेर काढा" ही मागणी पहिल्यांदा यंदा झालेली नाही. महाडच्या सत्याग्रहाआधी ती झाली होती, आणि खुद्द बाबासाहेबांपुढे झाली होती. बाबासाहेबांनी काय उत्तर दिले एवढे आपण अधूनमधून सांगतो. ते उत्तर देताना त्यांनी काय पणाला लावले, हे सहसा सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे धोरण मान्य झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागद तयार होता, पाणी मात्र बंदच होते. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. तिच्यामागे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांची धडपड होती. आणि त्या धडपडीत काही स्पृश्य माणसेही होती. नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे, दोघेही कायस्थ प्रभू. चित्रे आणि सहस्रबुद्धे हे मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगच्या कामातून आलेले. २० मार्चला ठराव संपत आले असताना, नगरपालिकेचा ठराव कागदावर न ठेवता आता तळ्यावर जाऊन अमलात आणावा, ही सूचना चित्रे यांनी मांडली. त्यानंतर मिरवणूक तळ्याकडे निघाली. पुढचे आपल्याला पाठ आहे : पाणी प्यालो, वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली, मंडपावर हल्ला झाला, माणसे फुटली, आणि नंतर तळे गोमूत्र-शेणाने ‘शुद्ध’ करण्यात आले.

त्या हल्ल्यातला जमाव फक्त ब्राह्मणांचा नव्हता, हे इथे लक्षात ठेवायला हवे. गावाकडे परतणाऱ्या आपल्या माणसांना ज्यांनी वाटेत गाठले, तेही सगळे शेंडीवाले नव्हते. कुलाब्यातल्या खेड्यांत महारांचे जगणे ज्यांच्या हातात होते, ज्यांच्या शेतावर मजुरी आणि ज्यांच्या दारात बलुते, ते बहुतेक ब्राह्मणेतरच होते. बहिष्कार घालणारेही तेच असणार आणि उठवणारेही तेच.

३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले आणि त्याच वर्षी महाडला पुन्हा जाऊन सत्याग्रह करण्याची तयारी झाली. याच काळात पुण्याहून निरोप आला. ब्राह्मणेतर चळवळीचे दोन तरुण, तडाखेबंद पुढारी, केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर, सत्याग्रहाला पाठिंबा द्यायला तयार होते. फक्त एक अट होती. कोणत्याही ब्राह्मणाला, मग तो कितीही सहानुभूती असलेला असो, या सत्याग्रहात घेऊ नये.

ही अट कोणाच्या डोक्यावर पडत होती? सहस्रबुद्धे यांच्या, देवराव नाईक यांच्या. म्हणजे जे आधीच आत होते, ज्यांनी काम केले होते, अशांच्या.

आता जेधे-जवळकरांना खलनायक ठरवून मोकळे होण्याचा मोह टाळला पाहिजे. आपल्याकडे तसे लिहिण्याची सवय आहे : बाबासाहेब मोठे दाखवायचे तर समोरचा लहान दाखवायचा. बाबासाहेबांना त्याची गरज नाही, आणि या दोघांवर तो अन्याय होईल. पुण्यात १९२५ च्या सुमारास जोतीराव फुल्यांच्या पुतळ्याचा वाद पेटला होता. ज्या शहराने जोतीरावांना छळले, त्याच शहरात त्यांच्या पुतळ्याला जागा द्यायला नकार. जोतीरावांची यथेच्छ टिंगल ‘निबंधमाले’तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी केली होती, आणि तीच परंपरा तेव्हाही जोरात होती. त्या संतापातून जवळकरांनी ‘देशाचे दुश्मन’ लिहिले. टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर त्यात जहाल हल्ला होता. खटला झाला. जेधे, जवळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खालच्या कोर्टात तुरुंगवासाची शिक्षा झाली.

१९२६ मध्ये पुण्याच्या सेशन्स कोर्टात त्यांच्या अपिलात उभे राहिलेले बॅरिस्टर कोण होते? भीमराव रामजी आंबेडकर. फिर्याद करणारा चिपळूणकरांचा दूरचा नातेवाईक होता, त्याला बदनामीची फिर्याद करण्याचा हक्क पोहोचतो का, हा कायद्याचा मुद्दा त्यांनी लावून धरला आणि आरोपी सुटले.

म्हणजे बघा, जेधे-जवळकर हे परके नव्हते. ज्यांच्यासाठी कोर्टात उभे राहून बाबासाहेबांनी त्यांना तुरुंगातून वाचवले, ते हे दोघे. ऋणाची भाषा करायची तर ऋण त्यांच्यावर होते. आणि त्यांची वेदना खरी होती. ब्राह्मण पुढारी चळवळीत शिरतो आणि हळूहळू चळवळीचा मालक होतो, हा सत्यशोधकांचा अनुभव काही कल्पनेतला नव्हता. आजही नाही. मी स्वतः अशा स्वयंसेवी संस्थेत काम केले आहे जिथे वस्तीत पायपीट करणारे सगळे आपले आणि अहवालावर सही करणारे सगळे त्यांचे. त्यामुळे "यांना बाहेर ठेवा" म्हणणाऱ्याचा राग मला कळतो. माझ्या बैठकीतल्या त्या पोराचा रागही कळतो. राग खरा असला म्हणून त्यातून निघालेला निष्कर्ष खरा ठरत नाही, एवढेच.

आता बाबासाहेबांची बाजू बघा. १९२७ मध्ये त्यांच्याकडे होते काय? आमदारकीची नुकतीच मिळालेली नेमणूक, एक पाक्षिक, काही शेकडा जिद्दीचे कार्यकर्ते, आणि मार्चमध्ये मार खाल्लेला समाज. समोर ब्राह्मणेतर पक्ष होता, कायदेमंडळात वजन असलेला, आणि खेड्यापाड्यांतल्या मराठा-कुणब्यांपर्यंत ज्याचा शब्द पोहोचत होता. डिसेंबरमध्ये हजारो अस्पृश्य महाडला येणार, आणि परत आपापल्या गावी जाणार. तिथे त्यांना झोडपायचे की नाही हे ठरवणारे लोक कोणाचे ऐकत होते? जेधे-जवळकरांसारख्यांचे. या पाठिंब्याची किंमत आपल्याला आज कळणार नाही. तो मिळता तर कदाचित काही गावांतली काही डोकी वाचली असती. दुसऱ्या पारड्यात होते काय? चार-दोन ब्राह्मण मित्र. मतांच्या, संख्येच्या, काठीच्या हिशेबात शून्य.

कोणताही व्यवहारी पुढारी असता तर त्याने मधला मार्ग काढला असता. मधला मार्ग आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आपण तो रोज काढतो. मित्राला बाजूला घ्यायचे, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचे, "बापू, तुम्हाला तर माहीतच आहे, आपल्यात काही नाही. पण या वेळी जरा मागे राहा. वातावरण निवळू दे." मित्रही शहाणा असतो, तो म्हणतो, "काही हरकत नाही." कोणाला काढले असे होत नाही, कोणी भांडत नाही, इतिवृत्तात नोंद होत नाही. फक्त पुढच्या कार्यक्रमाला तो दिसत नाही, आणि त्याच्या पुढच्याला कोणी विचारतही नाही.

बाबासाहेबांनी हे केले नाही. त्यांनी अट नाकारली, आणि गुपचूप नाकारली नाही. ‘बहिष्कृत भारत’मध्ये उघड भूमिका मांडून नाकारली. तिचा आशय असा : सगळे ब्राह्मण अस्पृश्यांचे वैरी आहेत हे आपल्याला मान्य नाही. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, उच्चनीचतेच्या भावनेला आहे. ती भावना मनात बाळगणारा ब्राह्मणेतर आपल्याला नकोसा आणि ती टाकून दिलेला ब्राह्मण आपल्याला हवासा.

हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्यातला काटा बोथट झाला. तो काटा कोणाकडे रोखलेला होता ते पाहा. वाक्याचा पहिला अर्धा भाग, ब्राह्मणेतराबद्दलचा, हा मदतीला आलेल्या मित्रपक्षाला तोंडावर सांगितलेला आहे. महाडच्या मंडपावर लाठ्या घेऊन आलेले कोण होते हे बाबासाहेबांना ठाऊक होते. जन्माच्या मापाने मोजायचे तर सहस्रबुद्धे बाहेर आणि लाठीवाला आत! असे माप घेऊन मनुस्मृती जाळायला निघणे म्हणजे मनूचीच पट्टी उलटी धरून कापड मोजणे. म्हणून माझ्या मते हा मित्राचा बचाव केवळ सज्जनपणाचा नव्हता. अट मान्य केली असती तर सत्याग्रहाचा पायाच उखडला असता, मग चवदार तळ्याचे पाणी कितीही प्यायले तरी.

आणि त्यांनी हा बचाव शब्दांवर ठेवला नाही. सप्टेंबर १९२७ मध्ये समाज समता संघ उभा राहिला, ज्यात स्पृश्य आणि अस्पृश्य एकत्र काम करणार होते. ज्यांच्यावर आक्षेप होता त्यांना त्यांनी झाकून ठेवले नाही, उलट आणखी पुढे आणले. डिसेंबरमध्ये परिषद भरली तेव्हा महाडात सवर्ण हिंदूंनी जागा मिळू दिली नाही. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाच्या जागेवर मंडप पडला. कोर्टाने तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई केलेली होती. सत्याग्रह तहकूब करावा लागला. पण २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जळाली, आणि ठराव मांडायला उभे राहिले ते सहस्रबुद्धे. ज्याला मंडपाबाहेर ठेवण्याची अट होती, त्याच्या तोंडून तो ठराव आला. हा योगायोग होता असे मला तरी वाटत नाही.

पुढेही ही माणसे राहिली. देवराव नाईक ‘समता’ आणि ‘जनता’ या पत्रांचे संपादक झाले, ‘जनता’चे संपादन पुढे सहस्रबुद्धे यांनीही केले. टिपणीस आणि चित्रे १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधानसभेत गेले. चवदार तळ्याचा दावा मुंबई हायकोर्टात त्याच साली मार्चमध्ये आपल्या बाजूने निकाली लागला. आणि गंमत अशी की, ज्या केशवराव जेध्यांना १९२७ मध्ये एकही ब्राह्मण चालत नव्हता, ते काही वर्षांतच काँग्रेसमध्ये गेले आणि पुण्यात काकासाहेब गाडगीळांबरोबर त्यांची जोडी जमली. जेधे-गाडगीळ ही जोडी एवढी गाजली की लोक दोन नावे एका दमात घेत. जवळकर १९३२ मध्ये तरुण वयातच गेले. आणखी जगते तर कुठे पोहोचले असते, कोण जाणे.

इथे एक खुलासा करते, नाहीतर उद्या हाच लेख कोणीतरी आपल्याच तोंडावर फेकेल. "ब्राह्मण नव्हे, ब्राह्मण्य" हे वाक्य आज सर्वात जास्त कोण वापरते? ज्यांना आपण जातीचे नाव घेतलेले आवडत नाही ते. अत्याचाराची बातमी टाकली की हे लगेच येतात : "बाबासाहेबांनीच सांगितले आहे, सगळे तसे नसतात." या लोकांना विचारले पाहिजे, सहस्रबुद्धे यांनी हे वाक्य स्वतःच्या बचावासाठी वापरले का? नाही. ते वाक्य त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी उच्चारले, त्यांनी स्वतः काम केले. आणि महाडला नेतृत्व आंबेडकरांचे होते. सहस्रबुद्धे, चित्रे, नाईक त्या नेतृत्वाखाली होते. कोणी आपल्याला दिशा द्यायला आले नव्हते. मित्र असणे आणि मालक असणे यातला फरक त्यांना कळत होता. ज्यांना तो कळत नाही त्यांचा बचाव करण्याची जबाबदारी आपल्यावर नाही.

दुसरा खुलासा जास्त अवघड आहे. मित्राची बाजू घेणे म्हणजे मित्राने काहीही केले तरी त्याच्यावर पांघरूण घालणे नव्हे. आपल्या संघटनांत बाईने तक्रार केली की काय होते, हे मी सामाजिक कार्यकर्ती म्हणून जवळून पाहिले आहे. "तो आपला माणूस आहे, चळवळीची बदनामी होईल, शत्रूला आयते कोलीत मिळेल." तिथे मैत्री लगेच जागी होते! बाबासाहेबांची कसोटी अशी होती की माणसाने केले काय ते बघा. ही कसोटी दोन्हीकडे कापते. सहस्रबुद्धे यांना तिने आत ठेवले, कारण त्यांनी केलेले काम दिसत होते. ज्याने वाईट केले त्याला ती बाहेर काढेल, मग त्याचे आडनाव कितीही आपले असो. आपण मात्र बरोबर उलटे करतो. ज्याने केले त्याला रक्तावरून सोडतो, आणि जिने काहीच केले नाही तिला रक्तावरून काढतो.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने एक निरीक्षण नोंदवले आहे : समूहाबाहेरच्या शत्रूपेक्षा समूहातल्या ‘फितुरा’चा राग माणसांना जास्त येतो, कारण तो आपल्या एकीलाच सुरुंग लावतो असे वाटते. एम. ए. ला हे वाचले तेव्हा मला रिपब्लिकन पक्ष आठवला होता. १९५७ मध्ये पक्ष निघाला आणि दोनेक वर्षांत ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ झाला. दादासाहेब गायकवाड, ज्यांनी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह अंगावर घेतला, त्यांचे शिक्षण काढले गेले, ते कम्युनिस्टांच्या नादी लागले असे म्हटले गेले. मग १९७२ मध्ये पँथर आली, आणि दोन वर्षांत नामदेव ढसाळ कम्युनिस्ट ठरून बाहेर. १९७७ मध्ये राजा ढाले आणि ज. वि. पवार यांनी पँथर बरखास्तच केली. ढाले-ढसाळ वादात कोण किती बरोबर होते, यावर मी इथे बोलणार नाही. त्यावर आपण पन्नास वर्षे बोलतो आहोत. मला एवढेच विचारायचे आहे, की त्या दोघांच्या मधे उभा राहून "थांबा, आधी याने केले काय ते सांगा" असे मोठ्याने म्हणणारे किती होते?

आणि ‘कम्युनिस्ट’ या शिव्येबद्दल. महाडची परिषद घडवणारे रा. बा. मोरे पुढे खरोखरच कम्युनिस्ट पक्षात गेले. आरोप नव्हे, रीतसर सभासद. बाबासाहेबांचे कम्युनिस्टांबद्दलचे मत आपल्याला माहीत आहे, त्यात त्यांनी कधी तडजोड केली नाही. तरीही मोरे यांच्याशी त्यांचा जिव्हाळा तुटला नाही. मार्ग चुकला असे वाटणे वेगळे आणि माणूस वैरी झाला असे ठरवणे वेगळे. राजभोजांचेही तसेच. दहनाच्या ठरावाला अनुमोदन देणारे हे राजभोज नंतर बाबासाहेबांपासून दूर गेले, विरोधातही उभे राहिले. १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन निघाले तेव्हा सरचिटणीस म्हणून नाव होते पां. ना. राजभोज. दार बंद केले असते तर ते परत कुठून आले असते?

आता पुन्हा आमच्या वस्तीत येते.

त्या बैठकीनंतर मी एक गोष्ट तपासली, जी मला आधीच तपासायला हवी होती. माझ्या मैत्रिणीच्या आडनावाची आठवण सात वर्षांत कोणाला झाली नव्हती, ती याच महिन्यात का झाली? जुनी वही काढली. मागच्या बैठकीत तिने एक प्रश्न विचारला होता. जयंतीची वर्गणी किती जमली, खर्च किती झाला, आणि उरलेल्या पैशातून अभ्यासिकेचा पंखा का दुरुस्त होत नाही? साधा प्रश्न. इतिवृत्तात त्याची नोंद आहे, उत्तराची नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी रक्ताची गोष्ट निघाली. ज्या पोराच्या भावाला टाके पडले त्याचा राग खरा आहे, यात मला शंका नाही. पण त्या रागाचा उपयोग दुसऱ्याच कोणीतरी करून घेतला.

मी त्या पोराला भेटले. विहाराच्या पायरीवर बसून आम्ही तासभर बोललो. मी त्याला जेधे-जवळकरांची गोष्ट सांगितली, ‘देशाचे दुश्मन’चा खटलाही सांगितला. त्याने निम्मे ऐकले, निम्मे नाही. शेवटी म्हणाला, "ताई, गावात आम्हाला वाचवायला कोणी सहस्रबुद्धे आला नव्हता." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे आहे, नव्हता आला. मी एवढेच विचारले, "तुझ्या धाकट्या बहिणीला गणितात किती मार्क पडले?" तो गप्प झाला. अडुसष्ट पडले होते, आणि का पडले ते त्याला माहीत होते. उठताना तो "बघू" म्हणाला. हो नाही, नाहीही नाही.

मैत्रिणीला यातले काही मी सांगितले नव्हते, पण तिला कळलेच. फोनवर म्हणाली, "तुझी पंचाईत होत असेल तर मी या वेळी येत नाही, पुढच्या वर्षी बघू." तोच मधला मार्ग, आणि तिनेच तो मला हातात दिला. मी म्हटले, "ते तू ठरवू नकोस."

२५ डिसेंबरच्या पत्रिकेचे प्रूफ छापखान्यातून आले आहे. सूत्रसंचालनापुढची जागा मोकळी ठेवली आहे, तिथे गेली चार वर्षे तिचे नाव असते. रविवारी संध्याकाळी सात वाजता बैठक आहे. वर्गणीचा हिशेब हा विषय मी लेखी कळवला आहे, आणि त्याच्या खाली दुसरा विषय म्हणून तिचे नाव.